शिक्षा संपते कुठे?

नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झाला. त्यामागे रघुनाथरावांचा हात असल्याचं उघड झालं, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. ही हकिकत मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. रघुनाथरावांना ती शिक्षा कधी झाली नाही. तरीही अडीचशे वर्षं आपण ती सांगत आलो. रघुनाथरावांचा जीव जायला हवा होता अशी इच्छा त्यामागे नाही. सत्ताधाऱ्याने केला तरी खून हा खूनच, हे कुणीतरी त्याच्या समोर उभं राहून बोललं, याचं समाधान त्यामागे आहे.

शिक्षा मागणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा हेच असतं. ज्याचा मुलगा मारला गेला, जिच्या घरात शिरून अत्याचार झाला, त्यांना आधी एक कबुली हवी असते: आमचं जे गेलं ते क्षुल्लक नव्हतं. न्यायालयाचा निकाल ही ती कबुली असते. म्हणून शिक्षेच्या मागणीला सरसकट सूडबुद्धी म्हणणं मला पटत नाही. सुधारणेच्या बाजूने बोलणारे अनेकदा इथेच चुकतात आणि मग ज्यांनी सोसलं ती माणसं त्यांचं पुढचं काही ऐकून घेत नाहीत.

पण कबुली मिळाल्यावर पुढे काय? दोषी माणूस तर उरतोच. त्याचं वय वाढतं, त्याची मुलं मोठी होतात, कधी तरी तो सुटतो. त्याच्याशी किती काळ आणि कशासाठी कठोर वागायचं, हा खरा नीतीचा प्रश्न आहे.

युरोपातल्या तत्त्वचिंतकांनी यावर पुष्कळ डोकं खपवलं. कांटचं 1797 सालचं म्हणणं टोकाचं होतं. एखाद्या बेटावरचा समाज विसर्जित होऊन सगळे पांगणार असले, तरी जाण्यापूर्वी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी दिली पाहिजे; त्यातून कुणाचा फायदा होतो हा प्रश्नच गैरलागू. त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी, 1764 मध्ये, इटलीतल्या बेकारियाने उलट सांगितलं होतं की गुन्हा थांबतो तो शिक्षा भयंकर असल्यामुळे नाही, ती नक्की होणार याची खात्री असल्यामुळे. मला बेकारिया जवळचा वाटतो. कांटचं बेट मात्र मनातून जात नाही, कारण एक गोष्ट त्याने अचूक धरली आहे: माणसाला त्याच्या कृत्याचा धनी मानणं हाही त्याचा मानच असतो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या बच्चन सिंग निकालात या दोन्ही धाग्यांची गाठ मारायचा प्रयत्न केला. फाशी घटनाबाह्य नाही, पण ती दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्यायची. शिवाय हा माणूस सुधारण्याची शक्यता आहे का, हे न्यायाधीशाने पाहायचं आणि तो सुधारणार नाही हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी सरकारची. वाचायला हे नीटनेटकं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघायला मला फार लांब जावं लागत नाही. माझ्या हिंगण्याहून पंधराएक किलोमीटरवर वर्धा रोडला नागपूरचं मध्यवर्ती कारागृह आहे. 1864 पासूनचं. फाशी यार्ड असलेले राज्यात दोनच तुरुंग आहेत, येरवडा आणि हे.

या तुरुंगातल्या दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोघांनी तिथल्या कोठडीत बसून पदव्या मिळवल्या.

पहिला याकूब मेमन. 12 मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली आणि त्या कटातल्या सहभागासाठी त्याला फाशी झाली. नागपूरच्या तुरुंगात असताना त्याने इग्नूमधून इंग्रजी साहित्यात आणि नंतर राज्यशास्त्रात एम. ए. केलं. 29 जुलै 2015 च्या रात्री सर्वोच्च न्यायालयाचं दार पहाटे तीनच्या सुमाराला उघडलं गेलं, सुनावणी झाली, अर्ज फेटाळला गेला आणि 30 जुलैला सकाळी सातच्या सुमाराला नागपुरात त्याला फाशी देण्यात आली. त्या पदव्यांचं वजन कुणी केलं नाही. इतक्या मोठ्या संहारापुढे दोन पदव्या काय करणार, असंच बहुतेकांना वाटलं.

दुसऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असा निर्णय झाला आहे आणि अशा मुलाची ओळख जाहीर करू नये असं कायदा सांगतो. निकालपत्रांत ते नाव छापलं गेलं, वर्तमानपत्रांतही आलं, पण म्हणून आपणही लिहावं असं नाही.

26 ऑगस्ट 1994 रोजी पुण्यात एका कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. त्यात लहान मुलं होती आणि एक गरोदर स्त्री होती. पुण्यातल्या जुन्या माणसांना ते दिवस अजून आठवतात. राजस्थानातून कामाला आलेल्या तरुणांना अटक झाली. 1998 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सप्टेंबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. त्यांच्यापैकी एकाचं वय कागदोपत्री विशीच्या घरातलं लागलं होतं. त्याला स्वतःला आपली जन्मतारीख सांगता येत नव्हती. गावाकडे जन्माची नोंद कोण ठेवतो?

पुढे त्याने अर्ज केला की मी तेव्हा लहान होतो. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, शिक्षा अंतिम झाल्यावरसुद्धा करता येतो, अशी तरतूद बाल न्याय कायद्यात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट 39ए या गटाने त्याची बाजू उचलून धरली. बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर निघालं. तिथे त्याचं नाव थोडं वेगळं होतं आणि जन्मतारीख होती 1 फेब्रुवारी 1982. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवून घेतली आणि 27 मार्च 2023 रोजी न्या. के. एम. जोसेफ, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. हृषीकेश रॉय यांच्या पीठाने त्याला तत्काळ सोडायचा आदेश दिला. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत होता आणि त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत होता.

नागपूरच्या तुरुंगातून तो बाहेर पडला तेव्हा समाजशास्त्राचा एम. ए. झालेला होता. आत राहून तो मराठी शिकला होता. घरी पोचल्यावर मात्र आईशी बोलताना तिचीच बोली त्याला जमेना.

इथे थांबून नीट विचार करायला हवा. 2000 साली अंतिम झालेली ती फाशी दोन-चार वर्षांत अमलात आली असती, तर ते शाळेचं रजिस्टर उघडायला कुणी बिकानेरला गेलं नसतं. आपण एका साडेबारा वर्षांच्या मुलाच्या कृत्यासाठी माणूस फासावर दिला असता आणि आपल्याला ते कधी कळलंही नसतं. फाशीच्या विरोधातला माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. न्यायाधीश वाईट असतात असं मी म्हणत नाही. तीन न्यायालयांतल्या अनुभवी माणसांच्या नजरेतून एका मुलाचं वय निसटलं, ते कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. तो गरीब होता, परप्रांतातून आला होता आणि त्याच्याकडे कागद नव्हते, म्हणून निसटलं. अशी माणसं आपल्या तुरुंगांत भरपूर आहेत. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन जण कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता.

दुसरा मुद्दा पदव्यांचा. कुणी सुधारला हे ओळखायचं कसं? न्यायालयं आता तुरुंगातली वागणूक, शिक्षण, मानसिक तपासणीचे अहवाल मागवतात. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका बालहत्येच्या प्रकरणात दोषी माणसाने तुरुंगात लिहिलेल्या कविता सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतल्या आणि फाशी रद्द करून जन्मठेप दिली. हे मला चांगलं वाटतं आणि थोडं अस्वस्थही करतं. ज्याला लिहिता-वाचता येतं, त्याचं परिवर्तन कागदावर उमटतं. पण बराकीत आजारी म्हाताऱ्या कैद्याचं अंग पुसून देणारा, भांडण सोडवणारा, रात्री रडणाऱ्या नव्या पोराजवळ बसणारा एखादा निरक्षर माणूस? त्याच्या बदलाचं प्रमाणपत्र कोण देणार? परीक्षेत पास होणं हा सुधारणेचा पुरावा मानला, तर शाळेत मागे पडलेली माणसं तुरुंगातही मागेच पडणार.

आता दुसरी बाजू, आणि तीही नागपूरचीच.

कस्तुरबानगर ही शहराच्या उत्तरेकडची वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तिथल्या घरांवर जवळपास दहा वर्षं दहशत बसवली होती. खंडणी, मारहाण, खून, बायका-मुलींवर बलात्कार. तो अनेकदा पकडला गेला आणि अनेकदा सुटून आला. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलं असताना वस्तीतल्या बायकांचा जमाव मिरचीपूड आणि सुऱ्या घेऊन आत शिरला आणि न्यायालयाच्या खोलीतच त्याला ठार मारलं. पुढे खटला चालला आणि 2014 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

त्या बायकांना दोष देण्याचं धाडस मला होत नाही. त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवणंही मला जमत नाही. न्यायालयाच्या फरशीवर जे झालं त्याचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. बेकारियाने सांगितलेली खात्री तिथे दहा वर्षं नव्हती. जिथे साधी, वेळेवरची, मोजकी शिक्षा मिळत नाही, तिथे लोक अमर्याद शिक्षा देतात. सुधारणेवर बोलायचं असेल तर आधी वस्तीतल्या बाईला रात्री दार लावून झोपता आलं पाहिजे. ती सुरक्षित झाल्याशिवाय तिच्याकडे क्षमेची अपेक्षा करणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे.

नागपूर ही दीक्षाभूमीची नगरी आहे, म्हणून इथल्या घरांत अंगुलिमालाची कथा ठाऊक असते. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर बुद्धाला भेटतो आणि भिक्खू होतो. गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पाली सुत्तात ती पुढे जाते. भिक्षेला निघालेल्या अंगुलिमालावर लोक दगड आणि काठ्या फेकतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध त्याला सांगतो, हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. त्याच कथेत राजा प्रसेनजित त्याला पकडायला सैन्य घेऊन निघालेला असतो. बदललेल्या अंगुलिमालाला समोर पाहून तो घाबरतो, मग नमस्कार करतो आणि परत फिरतो.

सुधारणेबद्दल इतका प्रामाणिक दस्तऐवज मी दुसरा वाचलेला नाही. बदल खरा आहे, पण त्याने मेलेली माणसं परत येत नाहीत आणि त्यांच्या घरच्यांचा राग खोटा ठरत नाही. राजाने थांबायचं असतं. दगड मारणाऱ्यांनी थांबावं असा हुकूम मात्र कुणी काढत नाही. राज्य आणि पीडित यांची कर्तव्यं वेगळी असतात. आपण ती नेहमी एकमेकांत मिसळतो. पीडिताच्या वतीने सरकारने सूड घ्यावा असं म्हणतो, नाहीतर सरकारने सोडलं म्हणून पीडितानेही विसरावं असं सांगतो.

विनोबांनी हे ओळखलं होतं. पवनारच्या आश्रमातून निघालेला हा माणूस मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात पायी फिरला आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. विनोबांनी त्यांना माफीचं आश्वासन दिलं नव्हतं. त्यांच्यावर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या. मनाचं परिवर्तन आणि कायद्याची शिक्षा एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी राहू शकतात, हे त्यातून दिसलं.

महाराष्ट्राने याबाबतीत एक धाडसी प्रयोग फार आधी केला आहे. औंध संस्थानात 1939 मध्ये, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रीडमन या गांधीवादी पोलिश अभियंत्याच्या आग्रहाने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. कैद्यांनी कुटुंबासह राहायचं, शेती करायची. भिंत नाही, गज नाहीत. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आंखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून सुचला. सिनेमा सगळ्यांना आठवतो, वसाहत आजही चालू आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. विदर्भात मोर्शीला खुलं कारागृह आहे. नागपूरच्या तुरुंगात ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम झाला, त्यात कैद्यांना आपल्या लहान मुलांना जाळीशिवाय भेटता आलं, जवळ घेता आलं. नियमित मुलाकातीत मधे जाळी किंवा काच असते. ज्या मुलाने बापाला कधी हात लावलेला नाही, त्या मुलाने कोणता गुन्हा केला होता?

तरीही मला वाटतं, शिक्षा आणि सुधारणा यांचा निकाल फाशी यार्डात किंवा खुल्या वसाहतीत लागत नाही. तो हिंगण्यासारख्या ठिकाणी लागतो, कारण बहुतेक गुन्हे लहान असतात आणि बहुतेक गुन्हेगार परत येतात.

हिंगणा तालुक्याचं ठिकाण आहे, इथे कनिष्ठ स्तराचं न्यायालय आहे. शेजारी एमआयडीसी. डिगडोह, निलडोह, इसासनी, वानाडोंगरी इथल्या भाड्याच्या खोल्यांत कंत्राटी कामगारांची दाटी. अशा भागात चोरी होते ती मोबाइलची, सायकलची, कारखान्याच्या आवारातल्या तांब्याच्या तारेची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 303 व्या कलमात यासाठी एक नवी तरतूद आहे. मालाची किंमत पाच हजारांहून कमी, गुन्हा सिद्ध होण्याची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा वेळी शिक्षा समाजसेवेची. ती सेवा कोणती, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, याचा तपशील संहितेत नाही. तो न्यायालयांवर सोडला आहे. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण तिच्यात दोन्ही गोष्टी येतात. ज्याचं गेलं त्याला परत मिळतं आणि ज्याने नेलं तो तुरुंगात सराईतांच्या शेजारी झोपत नाही. मात्र ती नुसती झाडू मारायची नामुष्की होऊ नये. चार लोकांसमोर मान खाली घालायला लावणं म्हणजे सुधारणा नव्हे.

परिवीक्षा कायदा तर 1958 पासून आहे. योग्य प्रकरणात न्यायालय दोषी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकतं. एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी तर त्यात खास कलम आहे. या कायद्याच्या 12 व्या कलमाबद्दल मात्र वकिलांखेरीज क्वचितच कुणी बोलतं. समज देऊन किंवा परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे येणारी कायद्यातली कोणतीही अपात्रता लागू होणार नाही, असं ते सांगतं. म्हणजे संसदेने पासष्टहून अधिक वर्षांपूर्वीच ठरवलं की अशा माणसाच्या कपाळावर शिक्का राहता कामा नये.

पण ठेकेदाराकडे कामाला जाताना पोलीस व्हेरिफिकेशन मागतात. त्या कागदावर जुनी केस दिसली की गेटपास मिळत नाही. ठेकेदारही दुष्ट नसतो. उद्या काही झालं तर कंपनी त्यालाच धरणार. आणि जो प्रत्यक्ष तुरुंग भोगून आला त्याला तर 12 व्या कलमाचाही आधार नाही. त्याने न्यायालयाने दिलेली वर्षं पूर्ण काढलेली असतात, संचित रजेवरून, अभिवचन रजेवरून वेळेवर परत गेलेला असतो, आत सुतारकाम किंवा विणकाम शिकलेला असतो. बाहेर त्याला रोजी मिळत नाही, खोली मिळत नाही. कोणत्याही न्यायाधीशाने न लिहिलेली ही शिक्षा आहे, तिला मुदत नाही आणि तिच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या शिक्षेला आहे.

तुरुंगातल्या मजुरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये गुजरातच्या प्रकरणात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. कैद्याच्या श्रमाला रास्त मजुरी द्या आणि तिच्यातला काही वाटा गुन्ह्याने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढा, तसा कायदा करा. ही कल्पना मला बाहेरही नेता येण्यासारखी वाटते. ज्याला काम मिळतं, तोच भरपाई देऊ शकतो. सुटलेल्या माणसाला गेटबाहेर ठेवून आपण त्याच्याबरोबर पीडित कुटुंबाचा वाटाही बाहेर ठेवतो.

यासाठी नवीन कायद्याची वाट बघायची गरज नाही. तालुक्याच्या पातळीवर विधी सेवा समिती असते, तिचे विधी स्वयंसेवक असतात. परिवीक्षेवर सुटलेल्या प्रत्येकाला त्यांनी एक पानभर मराठी पत्र द्यावं, 12 वं कलम सोप्या भाषेत सांगणारं, ठेकेदाराला दाखवता येईल असं. तुरुंगातून शिक्षा पूर्ण करून आलेल्यासोबत जाऊन दोन-तीन कारखान्यांच्या पर्सोनेल ऑफिसात बसावं, त्याने काय काम शिकलंय ते सांगावं. आणि त्याच आठवड्यात ज्यांच्या घरी चोरी झाली, मारहाण झाली, त्यांच्याकडेही जावं, नुकसानभरपाईच्या योजनेचा अर्ज भरून द्यावा, खटल्याचं काय झालं ते नीट समजावून सांगावं. ते बहुधा त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नसतं.